शत्रूला मेल किती वेळा पाठवावा

२ जून, सोमवार. सकाळी ११.
मनीषाचा मेल आला. मला. थोरल्या जावेला, जिच्या उधन्याच्या घरात तिनं सतरा वर्षं मसाला कुटला आणि गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याला घेऊन कडोदऱ्याला जाऊन स्वतःचा धंदा मांडला. मेलला नाव दिलंय 'कडोदऱ्याहून'. दर महिन्याला एक पाठवणार म्हणे. त्यात काय, तर मिरची यंदा कुठून आणली, गच्चीवर ऊन कसं होतं, शेजारणीच्या मांजरीनं पापडावर कशी झोप काढली. अगदी शेवटी एक ओळ, काळा मसाला तयार आहे. धंद्याची अक्कल शून्य.

मसाल्याची कृती तिच्या आईची हे मान्य. पण कांडप मशीन माझं, परवाना माझा, पुडीवरचं नाव माझं. कृती म्हणजे काय, चार ओळी.

निश्चय: तिला बाजारातून उठवायचं. ती महिन्याला एक मेल पाठवते, मी आठवड्याला एक पाठवणार. मी बी.कॉम. आहे. ती नाही.

४ जून, बुधवार.
सून साक्षी कापड मार्केटमध्ये एका ऑफिसात हेच काम करते. तिनं मेलचं सॉफ्टवेअर लावून दिलं. किती जणांनी मेल उघडला, कोणी उघडला, सगळं दिसतं. आमच्या काळात अशी सोय असती तर अनेकांचे मुखवटे उतरले असते.

पत्ते कुठून आणायचे हा प्रश्न होता. गुजरातेतल्या आमच्या खान्देश मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला लिहिता येत नाही. मार्चमध्ये मी मनीषाविषयी फक्त अकरा मेसेज टाकले, तेव्हापासून अध्यक्ष पांडुरंगभाऊंनी ग्रुप बंद करून ठेवलाय. मग मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका काढली. प्रत्येक स्थळाखाली ईमेल आहे, शेवटच्या पानांवर मंडळाच्या सगळ्या घरांचेही. तीनशेच्या वर पत्ते निघाले. साक्षी म्हणाली, मम्मी, ह्यांनी कुठे तुमच्याकडे मसाला मागितलाय, ह्यांना मुली हव्यात. मी म्हटलं, मुलगी आली की मसाला लागतोच.

तिनं सल्ला दिला की महिन्याला एक, फार तर दोन. जास्त झाले की लोक वैतागतात. शिकलेल्या सुनांचं हेच असतं. लढाई माहीत नाही.

९ जून, सोमवार.
पहिला मेल गेला. विषय: 'खरा काळा मसाला कोणाचा?' मजकुरात कोणाचंही नाव घेतलं नाही. फक्त 'कडोदऱ्याकडे काही लोक' एवढंच लिहिलं. सभ्यता सोडायची नाही.

आमचे हे वाचून म्हणाले, कडोदऱ्याला मसाला मिळतो हे पुष्कळांना माहीत नसेल. मी म्हटलं, म्हणूनच सावध करतेय. हे पुन्हा पेपरात शिरले. मिलमधून रिटायर झाल्यापासून ह्यांना कशाचंच गांभीर्य नाही.

११ जून, बुधवार.
बऱ्याच जणांनी उघडला. एक जण तर पाच मिनिटांत, आणि दिवसातून तीनदा. पत्ता नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा, नाव कळत नाही. पण इतक्या आस्थेनं वाचणारा माणूस मंडळात एकच. पांडुरंगभाऊ. ग्रुपवर बोलू देत नाहीत, पण मनातून त्यांना पटलेलं दिसतंय.

हे महत्त्वाचं आहे. श्रावणात कानबाई देवीचा सण झाला की मंडळाचा भंडारा असतो. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. त्या भाजीचा मसाला दर वर्षी आमच्याकडून जातो. भंडाऱ्यात ज्याचा मसाला, वर्षभर उधना-पांडेसऱ्यातल्या घरांत त्याचाच. ह्या वर्षी तो कडोदऱ्याला गेला तर मी मशीन विकून टाकीन आणि सत्संगाला बसेन. म्हणजे तो जाणार नाही.

२३ जून, सोमवार.
आठवड्याला एक पुरत नाही. माणसं आठवड्याभरात विसरतात. आजपासून सोमवार आणि गुरुवार.

विषय: 'रंग काळा असला म्हणून मन काळं असू नये.' हा मी स्वतः रचला. साक्षीला दाखवला. तिनं कपाळाला हात लावून गुजरातीत म्हटलं, मम्मी, रहेवा दो ने. तिला शैली कळत नाही.

एका नवरदेवाचं उत्तर आलं. मुलगी किती शिकलेली आहे असं विचारतोय.

१ जुलै, मंगळवार.
मनीषाचा महिन्याचा मेल. लिहिते, 'अलीकडे बरेच जण विचारतायत की कडोदऱ्याचा मसाला कुठे मिळतो. पत्ता खाली दिला आहे. आल्यावर चहा घेऊन जा.'

घाबरली. पत्ता जाहीर करायची वेळ आली. आता रेटा कमी करायचा नाही. आजपासून रोज एक.

८ जुलै, मंगळवार.
रोज लिहायला विषय लागतो. सोमवारी विश्वासघात. मंगळवारी कृतघ्नता. बुधवारी दगडफुलाची पारख. गुरुवारी पुन्हा विश्वासघात, कारण त्याला प्रतिसाद बरा आहे.

शेजारची शांताबाई पाव किलो मसाला परत घेऊन आली. थोडा कडवट लागतो म्हणे. मी विचारलं, मनीषा असताना गोड लागत होता का? ती म्हणाली, मनीषा असताना मसाल्यासारखा लागायचा. लोकांच्या जिभा बिघडल्यात. ह्यावरच उद्याचा मेल.

१५ जुलै, मंगळवार.
काही लोक नावं काढून घेत आहेत. साक्षी म्हणाली, काही काय, रोज ओळ लागलीय. मी तिला शांतपणे समजावलं की ही गाळणी आहे. कचरा निघून गेला की खरा माल खाली राहतो. ती म्हणाली, मम्मी, गाळणीत माल वर राहतो. वाद घालायची सवय माहेरची.

पांडुरंगभाऊ मात्र एकही चुकवत नाहीत. कालचा 'सतरा वर्षांचं मीठ' हा मेल त्यांनी चारदा उघडला. एवढा भावुक माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार.
सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाठवायचं ठरवलं. औषधासारखं. वीस दिवसांचे मेल आजच लिहून, तारीख-वेळ लावून ठेवले. आता मी झोपले तरी सूड जागा राहील.

रविवारी लोक निवांत असतात असं सॉफ्टवेअर म्हणतं. म्हणून ३ ऑगस्टच्या रविवारी दुपारी एक वाजता सर्वात कडक मेल लावला. विषय: 'कडोदऱ्याच्या घरात शिजलेलं तोंडात घालण्याआधी विचार करा.' त्यात पहिल्यांदाच नाव घेतलं. सभ्यतेलाही मर्यादा असते.

३१ जुलै, गुरुवार.
ह्यांनी आठवण करून दिली की येत्या रविवारी कानबाई. आणि भाऊकीचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, ह्या वर्षी धाकट्याच्या घरी, म्हणजे मनीषाकडे. मी म्हटलं, मी येणार नाही. हे म्हणाले, मसाला वेगळा केलास, चूल वेगळी केलीस, देवी कशी वेगळी करशील? रोट भाऊकीनंच खायचे आणि संपवायचे. सव्वा-सव्वा मूठ गहू आपल्या घरच्या पुरुषांच्या नावानं मीच पोचवून आलोय.

ठीक आहे. देवीसाठी जाईन. तिच्याशी बोलणार नाही. शत्रूचा तळही बघून होईल.

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.
घडलं ते नोंदवते. भावना आणणार नाही.

मनीषाच्या घरापुढे मांडव. भाऊकी तर होतीच, शिवाय दर्शनाला सगळं मंडळ आलेलं. पहिल्या पंगतीत मी, शेजारी चुलतसासू काशीबाई, समोर पांडुरंगभाऊ दर्शन घेऊन खुर्चीवर टेकलेले. पानात रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मी पहिला घास घेतला आणि मांडवभर फोन वाजले. सगळे एकदम. टिंग, टिंग, टिंग. देवीपुढे आरतीला घंटा वाजावी तसे.

एक वाजला होता.

पांडुरंगभाऊंना वाटलं, कडोदऱ्याच्या मंडळाचा कानबाईचा निरोप असेल. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. विषय वाचला. पहिली ओळ वाचली. मनीषाचं नाव आलं तिथे थांबले आणि चष्मा काढून पुसू लागले.

काशीबाईंना ऐकू कमी येतं, पण नको तेव्हा सगळं येतं. त्यांनी माझ्या पानाकडे बघितलं आणि विचारलं, इंदू, मंग तू काय खाई राहिनी वं? मागून कोणीतरी हसलं. त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या की ह्यात तुझ्या नवऱ्याच्या आणि पोराच्या नावाचे गहूही दळलेत, त्यांचाही विचार कर.

उठून जाणार होते. पण रोट पानात टाकून उठता येत नाही. खात बसले. मनीषा वाढायला आली, माझ्यापाशी वाकून म्हणाली, ताई, आखो एक ल्या. आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक रोट वाढून गेली. तोही संपवावा लागला.

गंगाफळाची भाजी चांगली झाली होती. हे फक्त इथे लिहितेय.

तात्पर्य: मेल सगळ्यांपर्यंत पोचतो. यंत्रणा उत्तम आहे. वेळ चुकली, ती सॉफ्टवेअरची चूक.

५ ऑगस्ट, मंगळवार.
पांडुरंगभाऊंचा फोन. भंडाऱ्याचा मसाला मनीषाकडून घेतायत. म्हणाले, वहिनी, गैरसमज नको, पण तुम्ही रोज दोनदा कडोदऱ्याचं लिहायला लागलात तेव्हा मंडळी म्हणाली, एकदा चाखून तर बघू. चाखला तर जुनी चव.

मी त्यांना सुनावलं की माझे मेल तुम्हीच दिवसातून तीनदा वाचत होतात, तेव्हा काही बोलला नाहीत. ते म्हणाले, वहिनी, माझा मेल नातू बघतो, त्यानं जूनमध्येच तुम्हाला बंद केलंय. रविवारचा मला काशीबाईच्या पोरानं तिथेच व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला होता.

मग वाचतं कोण?

६ ऑगस्ट, बुधवार.
आज एकही मेल पाठवला नाही. लावून ठेवलेले साक्षीनं थांबवले. म्हणाली, उरलेल्या यादीवर खर्च करण्यात अर्थ नाही. विचारलं, किती उरलेत? ती म्हणाली, एक. त्याच पत्त्याचा शोध तिनं घेतला होता. कडोदऱ्याच्या मसाल्याच्या बिलावर जो ईमेल छापलाय, तोच हा.

मनीषा. पहिल्या दिवसापासून. 'विश्वासघात' दोनदा, 'सतरा वर्षांचं मीठ' चारदा.

स्वाभाविक आहे. शत्रू आपल्यावर लक्ष ठेवणारच. धास्ती घेतलीय तिनं.

मशीन विकायचं का ते ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. सत्संगाची वेळ सकाळी साडेपाचची आहे, तीही गैरसोयीची.

७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ९.
सॉफ्टवेअरमध्ये उत्तर आलेलं दिसलं. नवरदेव सोडले तर पहिलंच. मनीषाचं. लिहिलंय: 'ताई, काल सकाळचाही मेल आला नाही, संध्याकाळचाही नाही. तब्येत बरी आहे ना? भाऊजींना फोन करणार होते, पण तुम्हाला आवडणार नाही म्हणून केला नाही.'

ही चिडवण्याची पद्धत आहे. मला ती सतरा वर्षांपासून माहीत आहे. मला ताप आला की अशीच दारात उभी राहून विचारायची, आणि मी हो म्हटलं तरी पेज ठेवून जायची.

साक्षी म्हणाली, मम्मी, एकाच माणसाला पाठवलं तर त्याला न्यूजलेटर म्हणत नाहीत, पत्र म्हणतात. मी म्हटलं, संख्या बघू नकोस, उघडण्याचं प्रमाण बघ. शंभर टक्के. मार्केटमधल्या तुझ्या ऑफिसाला जमलंय का कधी?

निर्णय: रोज एक. सकाळी साडेनऊला. दोन नकोत, डोक्यावर बसेल.

साडेनऊला पाठवला. विषय: 'तब्येत उत्तम आहे, उगाच आशा धरू नये.'

नऊ पस्तीसला उघडला.