भाऊजी आले की फुली

३ ऑगस्ट
आज पुन्हा! "पुण्याचं नाव काढशीन तर याद राख!" — हे. सारी गल्ली ऐकत होती. खुशी रडली नाही, मीच रडली. पुण्याच्या विद्यापीठात पीएचडीले नंबर लागला पोट्टीचा. बावीस तारखेच्या आत जाऊन नाव नोंदवायचं आहे. पण बाबा हो म्हणल्याशिवाय जाणार नाही म्हणते. बापासारखीच हट्टी!

५ ऑगस्ट
खुशीचा विषय उत्तर कोरिया. झेंडूचे हार ओवता ओवता विचारलं, "काहून व तो देश एवढी क्षेपणास्त्रं उडवते? समुद्रातच तर पडतात!"

म्हणे, "आई, आवाज बाहेर होते, पण ऐकवायचं घरच्याईले असते. लोकाईच्या ताटात वाढाले काही नाही, मंग अभिमान वाढायचा. सेनापतीईले दाखवायचं, खुर्ची अजून पक्की आहे. ज्याले आतून धाक, तो ज्यास्त आवाज करते."

भिंतीवर तक्ता लावला आहे तिनं. एकीकडे चाचण्यांच्या तारखा, दुसरीकडे त्या दिवशी त्या देशात काय होतं ते — सण, संचलन, पक्षाची बैठक. "तारखा शेजारी शेजारी लावल्या का समजते," म्हणे.

मग माही डायरी काय कामाची! जानेवारीपासून चाळली. हे ओरडले, त्या पानावर काळ्या पेननं फुली; घरातला निळा पेन ह्याईच्या खिशाले असते.

६ ऑगस्ट
नऊ फुल्या. नऊही दिवशी मोठे भाऊजी, शालिकराम, आमच्या ओट्यावर चहाले बसले होते! अन् दरवेळी त्याईचं एकच — "उत्तम, तुह्या घरात बायकाईचंच चालते." एरवी हे कुत्र्यालेही हाड म्हणत नाहीत. राग आला, कीवही आली. पन्नाशीचा माणूस, अजून मोठ्या भावाले भिते!

१० ऑगस्ट
भाऊजी आले. फुली.
ते गेल्यावर ह्याईनं बाजारातून कणसं आणली. निखाऱ्यावर भाजली, दाणे काढून खुशीच्या ताटलीत ठेवले. ती खात राहिली. माहा जीव भरून आला.

१४ ऑगस्ट
डायरी गव्हाच्या कोठीमागं ठेवली होती, कोठीवर सापडली. मीच विसरली असन.

१९ ऑगस्ट
उद्या निघाली तरच पोचते. खुशीनं तक्ता काढून गुंडाळला. "राहू दे आई, इथंच शिकवणी घेईन." मले एक हार ओवता आला नाही.

२० ऑगस्ट
दुपारी जाऊबाई धावत आल्या — "शकुन, चाल लवकर! उत्तमभाऊ आमच्या दारात ओरडून राहिले!"

गेली. भाऊजी खाटेवर बसलेले. हे समोर उभे, नजर जमिनीवर, पण आवाज — बापा बापा! "दादा, माही पोरगी जाईन! मीच नेऊन देतो तिले पुण्याले, आजच्या आज!"

बापलेक गाडीत बसले. घरी येऊन फुली मारायले डायरी उघडली.

आजच्या पानावर फुली आधीच होती. निळ्या पेननं.