बोहनीचं रक्त

३ जून
मिळाली बाई मनासारखी नोकरी! चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खाखरे बनवणाऱ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब. रुग्णाच्या नमुन्यात जे जे जंतू असतील त्यांचा डीएनए मशीन वाचून काढतं. कल्चरमध्ये, म्हणजे बशीत वाढवून, न उगवणारा जंतूही नावासकट सापडतो, आणि नाव कळलं की औषध ठरतं. इथली एक गंमत म्हणजे नव्या माणसाने पहिल्या दिवशी स्वतःचं रक्त द्यायचं. त्याला ‘बोहनी’ म्हणतात. निरोगी माणसाचं रक्त म्हणून, पुढचा नवा माणूस येईपर्यंत, तेच प्रत्येक तपासणीबरोबर मशीनमध्ये चालवतात. त्यात जे दिसेल तो लॅबमधला कचरा, तो सगळ्या रिपोर्टमधून आपोआप वजा होतो. मी ऐटीत हात पुढे केला. मालक देवव्रत सर म्हणाले, श्रुतिका चांगली धडधाकट दिसते.

१९ जून
आमच्या जोगेश्वरीच्या सोसायटीतल्या कुंदाकाकू तापाने फणफणल्यात, साधे शब्द विसरतात. डॉक्टरांना काही उमजेना. त्यांचे यजमान श्यामसुंदरकाका रडकुंडीला आले होते. मीच छातीठोकपणे सांगितलं, पाठीच्या कण्यातलं पाणी आमच्याकडे पाठवा, जंतूचं नाव काढून देते.

२३ जून
एकही जंतू नाही! काकांना मीच फोन केला. संसर्ग नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुरू केली.

२८ जून
काकू गेल्या. तिरडीशेजारी काकांनी माझे हात धरून आभार मानले. मला तिथेच ओकारी आली. कालपासून डोकं ठणकतंय.

१ जुलै
चैन पडेना. वजाबाकी बंद करून काकूंचा नमुना पुन्हा वाचला. अमिबा. मेंदू खाणारा, ढिगाने. रिपोर्टमध्ये तो आला नाही, कारण तो बोहनीतही होता. माझ्या रक्तात. सोसायटीची पाण्याची टाकी एकच, त्यांची नि माझी —
सरांकडे धावले. ते हसले. “अगं, बोहनी कधी आजारी असते का?” मग दार लावून म्हणाले, हे बाहेर फुटलं तर महिन्याभराचे सगळे रिपोर्ट परत मागवावे लागतील. माझ्यासमोर ते वाचन पुसून टाकलं.

४ जुलै
ताप. मधले दोन दिवस कसे गेले, आठवत नाही. धाकट्या बहिणीने, अक्षताने, हॉस्पिटलात आणलं. कण्यातलं पाणी काढून आमच्याच लॅबला पाठवलं. नको म्हणायचं होतं — जीभ वळेना. अक्षता म्हणाली, ताई, स्वतःच्या लॅबवर तरी भरवसा ठेव.

७ जुलै
एकही जंतू नाही. अक्षता आनंदाने रडली.
तिला या वहीतलं १ जुलैचं पान दाखवलं. तिने डॉक्टरांना. डॉक्टरांनी सरांना फोन केला. सर म्हणे फार हळहळले. तापात पोरगी बरळते म्हणाले.

बहुतेक ८
उजेड टोचतो. ते — गोल, वर, भिंतीवर — पंखा — फिरतो.
तीच इंजेक्शनं आणलीत. काकूंची.
हात झटकला. नर्स चिडली. अक्षता म्हणते, घे गं, बरी होशील. डावा हात तिने मायेने दाबून धरलाय, घट्ट. उजव्याने लिहितेय. वाच ना. अक्षता, इकडे बघ, वाच — सुई नक