हेलमर कॅमेऱ्यात दोष नाही

३ सप्टेंबर १९५६, सोमवार
आजपासून रोज लिहायचे. माझी भाषणे लोक ऐकतात, टाळ्या देतात आणि घरी जाऊन विसरतात. कुठेतरी नोंद हवी.
धंदा जोरात. एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपणार, अर्ध्या कचेऱ्या भोपाळला जाणार. पांगण्याआधी प्रत्येक ऑफिसला ग्रुप फोटो हवा. टॉवर चौकात एवढा ग्रुप एका प्लेटवर घेणारा कॅमेरा एकच, माझा हेलमर. विलायती.
दुपारी मुंबईहून कंपनीचा एजंट दस्तूर आला. गोड माणूस. चहा घेऊन म्हणाला, ठरावीक नंबरांचे कॅमेरे कंपनी फ्री ट्यूनिंगसाठी परत मागवते आहे, तुमचा त्यात आहे, बदली दुसरा मिळेल. मी विचारले, दोष आहे का?
"दोस नाय, साहेब. फक्त घेऊन यायला सांगितलाय."
मी म्हटले, दोष आहे असे लिहून द्या आणि आत्ता घेऊन जा. त्याने टोपी काढून कपाळ पुसले. तेवढेच लिहून देता येत नाही म्हणे.
म्हणजे दोष नाही. तर्क सरळ आहे. आपण स्वतंत्र झालो तरी चांगला माल उचलून न्यायची यांची खोड जात नाही. इंदूर-रतलामवाल्यांनी निमूट दिले. मी नाही दिला.

११ सप्टेंबर
आबकारी कचेरीचा ग्रुप धुतला. उत्तम. फक्त डाव्या टोकाच्या खुर्चीवर हेडक्लार्क चतुर्वेदी, त्यांच्या चेहऱ्यावरून एक करडी पट्टी उतरली आहे. ते हलले असणार.
सुमन म्हणते, मागच्या महिन्यात पोस्टाच्या ग्रुपमध्येही त्याच जागी होती. एकट्याच्या फोटोत ती बाजूच्या पडद्यावर पडते म्हणून दिसत नाही, असेही म्हणते. बायकोने दुकानात कमी बसावे.
तिचा सल्ला: निगेटिव्हवर पेन्सिल फिरवा, पट्टी जाईल. साफ नकार दिला. हेलमरच्या प्लेटला पेन्सिल लावायची म्हणजे दस्तूर खरा ठरवायचा. सत्याला पेन्सिल लागत नाही. (वाक्य जमले. गणेशोत्सवातल्या भाषणात घालणे.)

१७ सप्टेंबर
चतुर्वेदी गेले. रामघाटावर स्नानाला उतरले आणि पायरीवरून घसरले. शेवाळ. नगरपालिकेने लक्ष घालायला हवे.
पोस्टाच्या ग्रुपमध्ये त्या खुर्चीवर त्रिवेदी होते. ते अर्धांगाने अंथरुणाला खिळलेत, हे आज कळले. योगायोग.
पानवाल्याकडे कानावर आले, "माधवजी के यहाँ कोने में मत बैठना." मी समोर उभा आहे हे पाहून त्याने फुकट पान दिले. घेतले नाही.
संध्याकाळी महाराष्ट्र समाजात माझे भाषण, विषय अंधश्रद्धा. दीड तास. सभा स्तब्ध. शेवटी एका म्हाताऱ्याने फार अदबीने विचारले, तो फिर भैयाजी, वो काला क्या है? मी म्हटले, प्रकाशाचा खेळ. तो म्हणाला, मतलब कैमरे में कुछ... वेळ संपल्यामुळे मी आभार मानून खाली बसलो.

२४ सप्टेंबर
शिक्षण कचेरीचा ग्रुप. कारकून म्हणाले, पितृपक्ष आहे, पुढे ढकला. म्हणूनच आज, असे ठणकावले. सगळे आले. पण डाव्या टोकाच्या खुर्चीवर कोणी बसेना. दोन कारकून एकमेकांना आप पहले, आप पहले करत होते. मी तिथे फुलदाणी ठेवली. ती मढ्याशेजारी ठेवल्यासारखी दिसू लागली.
तेव्हा गोपाळकृष्ण पुढे आला. माझा शाळेपासूनचा दोस्त. गणिताचा मास्तर, यंदा रिटायर होतोय म्हणून कचेरीने त्यालाही ग्रुपला बोलावले होते. आयुष्यात फोटो काढून घेतला नाही. माझं तोंड माझ्या लक्षात आहे, म्हणायचा. फुलदाणी उचलून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, याला जे सांगायला दीड तास लागतो ते मी दोन मिनिटं बसून सांगतो. हशा पिकला.
कापडाखालून पाहिले तर त्याने ओठ गच्च मिटून घेतले होते. हसू दाबत असावा.

२७ सप्टेंबर
पट्टी आहे.
गोपाळ प्रिंट बघायला आला. बराच वेळ पाहिली. विचारले, मी हललो का रे? मी म्हटले, किंचित. तो म्हणाला, नाही रे, मी श्वाससुद्धा धरला होता. मग हसला. त्याची कॉपी तशीच काउंटरवर राहिली. विसरला असेल.

६ ऑक्टोबर
गोपाळचा मुलगा श्रीकांत आला होता. वडील जेवत नाहीत, शाळेत जात नाहीत. डॉक्टर म्हणतात छाती ठणठणीत आहे. काल एकटेच रामघाटावर जाऊन पंड्याला आपल्या दहाव्याची जागा विचारून आले. श्रीकांत म्हणाला, काका, तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकणार नाहीत.
साहजिक आहे.
सुमन म्हणते, भाषण नको, एकच वाक्य सांगा, कॅमेरा बिघडलाय. गणिताचा माणूस आहे, कारण कळलं की उठून बसेल. बायकांना प्रश्नाची व्याप्ती कळत नाही. मुद्दे काढायला घेतले.

८ ऑक्टोबर
दस्तूर पुन्हा आला. या वेळी चहा नको म्हणाला. गावातल्या गोष्टी त्याच्या कानावर गेल्या आहेत. दार लावून घेतले, कॅमेरा खिडकीशी नेला आणि स्वतःच शटर उघडून दाखवले. आत पातळ पात्यांची चकती. त्यातले एक पाते उकाड्यात अर्धे उघडते आणि अडकून बसते. बोटाने ढकलले तरी नखाएवढे आत राहते, नेमके पट्टीच्या जागी.
परत बंद करताना म्हणाला, "मी काय दाखवला नाय. तुम्ही काय बघितला नाय."
या मुद्द्यावर आमचे एकमत झाले.
कॅमेरा मात्र दिला नाही. अजून दोन ग्रुप बाकी आहेत, आणि आता दिला तर गावात काय अर्थ निघेल? एक नोव्हेंबरनंतर स्वतः मुंबईला नेऊन देईन. सन्मानाने. कंपनीने सरळ लेखी कळवले असते तर ही वेळच आली नसती.

१२ ऑक्टोबर
गोपाळकडे गेलो. खोलीत श्रीकांत, शाळेतले दोन मास्तर, आणि नेमका स्टेशनसमोरचा फोटोग्राफर विलास. तो तिथे कशाला? मी तासभर बोललो. ग्रहणे, मांजरे, विज्ञान, सगळे आले. इतके चांगले मी क्वचित बोललो असेन. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होते.
गोपाळने सगळे ऐकून घेतले. मग हाताने जवळ बोलावले.
"माधव, एकच सांग. कॅमेरा चांगला आहे ना?"
विलास माझ्याकडे बघत होता.
मी म्हणालो, "एक नंबर."
गोपाळने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. भाषणाचा परिणाम झाला. शांत झाला होता.
उद्या एकट्याने जाऊन त्याला काय ते सांगावे असे वाटते. अडलेले पाते कागदावर काढून दाखवीन. त्याला आकृती आवडते.

१३ ऑक्टोबर
दसऱ्याची गर्दी. जमले नाही.

१६ ऑक्टोबर
आकृती काढून ठेवली आहे. स्वच्छ आली. उद्या नक्की.

१८ ऑक्टोबर
गेलो होतो. विलास ओट्यावरच बसला होता. परत आलो.

२० ऑक्टोबर
सकाळी गोपाळ गेला.
टॉवर चौकातली दुकाने लोक येता-जाता बघतात. माझ्या दुकानाकडे आज कोणी बघितले नाही, सगळे रस्त्याच्या पलीकडून गेले. शोकसभेत बोलायचे मला कुणी विचारले नाही. विसरले असतील.

२३ ऑक्टोबर
राहिलेले दोन्ही ग्रुप विलासकडे गेले. त्याच्या कॅमेऱ्यात मावणार नाहीत. उभे राहतील तीन रांगांत.

१ नोव्हेंबर, गुरुवार
आजपासून नवे राज्य. माझ्या पाटीवर अजून ‘मध्य भारत फोटो आर्ट’ आहे. पेंटर येतो म्हणाला होता, आला नाही.
काल श्रीकांत आला होता. आज तेरावा, फ्रेमला फोटो हवा. वडिलांचा दुसरा फोटोच नाही. मी शिक्षण कचेरीची प्लेट काढली, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली, तेवढाच चेहरा मोठा करून छापला. पट्टी गेली. डोळे स्पष्ट आले. आता दिसते, तो हसत नव्हता.
आज श्रीकांत न्यायला आला. फोटो उजेडात धरून म्हणाला,
"काका, हे आधी करता आलं असतं?"
मी म्हणालो, "आलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे."
मी कागदात गुंडाळून देतो म्हटले, पण त्याने फोटो तसाच उघडा हातात धरला आणि निघून गेला.
नव्या राज्यावरच्या भाषणाचे मुद्दे काढायला बसलो आहे. दुपार झाली. एकही सुचलेला नाही. पेन्सिल तीच आहे.