साठ टनी काट्यावर ढब्बू

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. हात कापत नाहीये, उशीवर कागद ठेवून लिहितोय इतकंच. परवा दवाखान्यातून घरी आलो. आतड्याचा वीतभर तुकडा काढून टाकला, टाकेही सुकले, पण त्या तुकड्याबरोबर माझंही बरंच काही तिथेच राहिलं. जाताना अठ्ठावन्न किलो होतो, येताना एक्केचाळीस. ज्याला तू, तो पाळण्यात असल्यापासून, ढब्बू म्हणतेस, त्याची विजार आता त्याच्यामागून दोन पावलं उशिरा येते. तुझ्या भावजयीने, म्हणजे आमच्या मास्तरीणबाईंनी, कंपासच्या टोकाने पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली, तीही मोजून, सारख्या अंतरावर. गणित शिकवणारी बायको केल्याचे हे फायदे.

आता मुद्द्याचं. सर्जन म्हणाले, दोन महिने वाट बघू. वजन चढत गेलं तर आत सगळं नीट जुळलं असं समजायचं. चढलं नाही तर पोट पुन्हा उघडून बघावं लागेल. डबा उघडून बघू म्हणावं इतक्या सहज बोलले. मीही समजूतदारासारखी मान डोलावली आणि घरी येऊन दुपारभर पंख्याकडे बघत पडून राहिलो.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय की ताट भरून एकदम खायचं नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. थोड्या खाण्यातून जास्त ताकद जायला हवी, म्हणून बटाट्यात लोणी, दुधात दुधाची भुकटी, रोज अंडं. जेवणाआधी चहा-पाण्याने पोट भरायचं नाही. थोडं चालायचं, खुर्चीवरून दहा वेळा उठायचं-बसायचं, म्हणजे अंगात नुसती चरबी न येता बळ येतं. आणि दर आठवड्याला वजन करायचं, पण काटा बदलायचा नाही. घरात काटा नाही. माझ्या कामावर आहे, ट्रक तोलायचा, साठ टनी. मी रजेवर असलो तरी तिथवर चालत दहा मिनिटं लागतात, म्हणजे चालणंही झालं.

तू बावीस वर्षं वसतिगृहाच्या मुलींना पोसते आहेस. तुझी ती दूध-लोण्यातल्या बटाट्यांची कृती लिहून पाठव. प्रमाण नीट लिही, इकडे अंदाज चालत नाही.

लोभ आहेच, तो तेवढा माझ्यासारखा रोडावू देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू (नावापुरता)


९ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. एक्केचाळीस वाचून हातातली पळी खाली ठेवली आणि तशीच स्टुलावर बसले. अरे, माझ्याकडे बटाट्यांची गोणी येते ती तुझ्याहून जड असते आणि तुझ्यापेक्षा कमी बडबडते. लहानपणी तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली, ती अजून सरळ झालेली नाही. तेव्हाचं ते वजन गेलं कुठे?

कृती लिहिते. बटाटे चाळीस किलो. सालं काढायला सहा जणी बसवाव्यात. लोणी दोन किलो, दूध बारा लिटर, अंडी तीनशे, मिरपूड एक वाटी, जायफळ एक अख्खं. बटाटे उकडून, गरम असतानाच कुटून, सगळं एकत्र करून वल्ह्याने ढवळावं. पळी वापरू नये, मोडते. दोनशे मुली आणि वर चार पाहुण्या, एवढ्यांना पुरतं.

हसू नकोस. मला एका माणसाचा स्वयंपाक येत नाही. सुटीत घरी स्वतःपुरतं करायला जाते आणि शेजारच्या तीन घरांना वाटत बसते. भागाकार तुम्ही करा, घरात मास्तरीण कशाला आहे?

खाताना कुरकुर करायची नाही. सर्जन काय म्हणाले ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही. दर आठवड्याचा आकडा मला कळव.

दोघांवर माझा जीव आहे, हे माहीत असूनही पुन्हा लिहिते.

तुझी,
ताई


२९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कृतीने घरात मोठा वाद झाला. मी दोनशेने भागत होतो, मास्तरीणबाई म्हणाल्या की पाहुण्या धरून दोनशे चारने भागायला हवं, पाहुण्या जेवल्या नाहीत असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला एकशे शहाण्णव ग्रॅम बटाटे येतात. अंडं येतं दीडच्या किंचित खाली. ते किंचित कसं कापायचं यावर अर्धा तास गेला आणि बटाटे गार झाले. जायफळ तर तिने भांड्यावरून नुसतं फिरवलं आणि परत डबीत ठेवलं. सालं काढायला सहा जणी, म्हणजे मला बाई मिळते तीन टक्के. तेवढ्यात कोणी यायला तयार होईना, म्हणून सालं मी काढली.

पण चव तुझीच आली. आता हे आणि केळं घातलेलं दूध, भाजलेले शेंगदाणे, साय, अंडी असं दर अडीच तासांनी गजर लावून चाललंय. गजर वाजला की शेजारचं कुत्रंही आमच्या दारात येऊन बसतं. त्याचं वजन चांगलंच वाढलंय.

माझं म्हणशील तर चाळीस. काट्याच्या खोलीत माझा जोडीदार असतो. मी बाहेर, ट्रक चढवतात त्या काट्याच्या फलाटावर मधोमध उभा राहतो, तो आत आकडा वाचतो आणि रीतसर छापील पावती देतो. भरलेलं वजन चाळीस, रिकामं वजन चाळीस, माल काही नाही. मागच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं की ही गाडी कुठल्या कंपनीची, पत्रा फारच पातळ दिसतोय. चारही आठवडे चाळीस. वजन स्थिर आहे म्हणायचं. स्थिर असणं काही वाईट नाही. तू काळजी करू नकोस.

तुझ्या रागावण्याची वाट बघतोय, मायेची वाट बघावी लागत नाही.

तुझा,
ढब्बू


१० जुलै

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. शाळेत, मधल्या सुट्टीत, वह्यांच्या गठ्ठ्याआड बसून.

चाळीस हा आकडा मला पहिल्यापासून खटकत होता. माणसाचं वजन महिनाभर एका आकड्यावर गोठून राहत नाही. कधी दोनशे ग्रॅम वर, कधी तीनशे खाली. शेवटी मी काट्याच्या खोलीत जाऊन ह्यांच्या जोडीदाराला विचारलं. ते बिचारे गोरेमोरे झाले. म्हणाले, वहिनी, हा काटा ट्रकांचा, तो दहा-दहा किलोंनीच आकडा बदलतो. पस्तीसच्या वर आणि पंचेचाळीसच्या खाली जे काही उभं राहील, त्याला तो चाळीसच म्हणणार. म्हणजे हे छत्तीसचे झाले असतील तरी चाळीस, चव्वेचाळीसचे झाले असतील तरी चाळीस.

मग ते आणखी एक म्हणाले. काटा तपासताना सगळे हेच करतात, की वर एकेक किलो ठेवत जायचं आणि आकडा कधी पलटतो ते बघायचं. किती ठेवल्यावर पलटला त्यावरून खरं वजन काढता येतं. ह्यांनी स्वतःच त्यांना ते शिकवलंय, सतरा वर्षांपूर्वी.

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक आहे, वन्सं. मुद्दाम असा काटा निवडलाय, जो काही सांगूच शकत नाही. आणि आता दोन आठवडे त्यावरही चढलेले नाहीत. फिरायला म्हणून जातात आणि दुसऱ्या रस्त्याने परत येतात. मला विनोद सांगतात, मी हसते, आणि दोघेही एकमेकांकडे बघायचं टाळतो. मी रोज वर्गात उदाहरणं सोडवते, पण हे एक सोडवायची मला भीती वाटते. तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील.

आपला हात आम्हा दोघांच्या पाठीवर असू द्यावा.

आपली,
मास्तरीण


१५ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. आणि एक चापट.

मला सगळं कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि तिच्याकडे रागाने बघूही नकोस.

भित्र्या! अंधारात माडीवर जायची वेळ आली की मला पुढे घालणारा तूच ना? जिन्यात डोळे मिटायचास, आणि मी मिटले की ओरडायचास. आता मी इतक्या लांब आहे आणि तू एकटाच डोळे मिटून बसलायस. मलाही भीती वाटते रे. महिनाभर दोनशे मुलींच्या बटाट्यांत मीठ घालायला विसरते आहे. एकीनेही तक्रार केली नाही, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते ओळख.

आता मी सांगते तसं करायचं. मास्तरीणबाईंनी एकेक किलोच्या पाच पिशव्या भराव्यात. तू फलाटावर उभं राहायचंस, तिने एकेक पिशवी तुझ्या हातात द्यायची. दवाखान्यातून निघालास तेव्हा एक्केचाळीस होतास, म्हणजे चार पिशव्यांनंतर आकडा पलटला तर जिथल्या तिथे आहेस. चारच्या आत पलटला तर वाढलायस. पाचवी घ्यावी लागली तर मला तार कर, मी येते, आणि आपण तिघं मिळून सर्जनांकडे जाऊ. पुन्हा पोट उघडायचं तर उघडू. पण कळू दे. न कळता आत काही सडत राहिलं तर मी तुला कधीच माफ करणार नाही.

ह्या रविवारी. बुडवलंस तर मी वल्हं घेऊन येईन.

तुझ्यावर मायाच करते, म्हणून एवढं बोलले.

तुझी,
ताई


२२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी गेलो. मास्तरीणबाईंनी पिशव्यांवर एक ते पाच आकडे घातले होते. पाचवीवरचा आकडा दोनदा गिरवलेला होता. मी फलाटावर जाऊन उभा राहिलो. मागे तीन ट्रक रांगेत. आपल्या माणसाचं वजन आधी, तुम्ही थांबा, असं जोडीदाराने सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे सगळे खाली उतरून बघत होते. ताई, साठ टन सोसणारा फलाट मला हलल्यासारखा वाटत होता.

आधी नुसतं उभं राहून आकडा बघायचा, मग पिशव्या, असं ठरलं होतं. ती जोडीदाराबरोबर आत खोलीत होती. मी हात पुढे करून पहिल्या पिशवीची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. काचेतून बघतो तर तिने तोंडावर पदर दाबलेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी समजायचं ते समजलो. काटा पस्तीसच्याही खाली गेला असणार. त्या क्षणी मला विनोद सुचला नाही. दवाखान्याची पिशवी कुठे ठेवलीय एवढंच आठवायचा प्रयत्न करत होतो.

तेवढ्यात जोडीदार ओरडला की वहिनी आतच आहेत, मग फलाटावर दुसरं कोण आहे? मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं, मी एकटाच. त्याने मला खाली उतरवलं, शून्य आलं का बघितलं, पुन्हा चढवलं. असं तीनदा. तिन्ही वेळा पन्नास. पिशवी एकही नाही, हात रिकामे. म्हणजे पंचेचाळीस मी स्वतःच ओलांडले होते, कधी ते कळलंच नाही, कारण बघायला गेलो नव्हतो. ट्रकवाल्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण तिघांनीही भोंगे वाजवले. ती धावत येऊन फलाटावर चढली आणि सगळ्यांदेखत मला धरून रडली. मीही रडलो. आमच्या दोघांची पावती छापलीय, तिचं वजन त्यात आहे म्हणून ती तुला पाठवू देत नाही.

सोमवारी सर्जनांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर पंचेचाळीस किलो सहाशे. पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि म्हणाले, उघडायची गरज नाही, असंच खात राहा. अजून बारा किलो कमवायचे आहेत, पण दर आठवड्याला खरा आकडा कळवीन, खाली गेला तरी कळवीन. येताना दवाखान्याजवळच्या दुकानातून घरासाठी साधा काटा आणला. मास्तरीणबाई सकाळी-संध्याकाळी मला त्यावर उभं करतात आणि आलेख काढतात.

आणखी बरंच लिहायचं होतं. पण आत्ता गजर वाजायला तासभर अवकाश आहे आणि मला भूक लागलीय. खरी भूक, ताई. पोटातून आवाज येतोय. उठतोच.

माया आहे तशीच राहू दे, मी तिच्यावर जगतोय.

तुझा,
ढब्बू