या वेळी एकच कागद

दोहा, मार्च १९८६

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र आल्यापासून हात कामावर आणि डोकं विक्रोळीला. काल पाना उलटाच फिरवत बसलो, तर फोरमन म्हणाला, झोपून ये जा. झोप कुठली गं! जेवायच्या सुट्टीत स्वतःचीच नाडी मोजतो. बाजूचे हसतात, काय जयवंता, डॉक्टर झालास काय!

हॉस्पिटलातल्या जानकी सिस्टरनी शिकवलंय तशी मोजतेस ना? रोज सकाळी, पुरा मिनिटभर, मग वहीत लिहायचं. पेसमेकर सत्तरवर लावलाय, आकडा त्याखाली गेला किंवा चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. पण तू न्हाणीचं दार लावून मोजतेस हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली.

सिस्टरनी तीनदा मागितलेलं मशीनचं कार्ड तू घरभर शोधलंस. ते माझ्याकडे होतं. आई तुझी ट्रंक आवरते, तिच्या हाती लागेल म्हणून निघताना मीच पासपोर्टात घातलं. तुला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच नाही. कुठलं मशीन, कधी बसवलं, सगळं त्यावर. त्याच्याशिवाय बाळंतपणाच्या वेळी सिस्टरनी काय अंदाजाने चालायचं? माझ्या खोलीतला अनंत सुट्टीवर मुंबईला निघालाय, त्याच्याच हाती हे पाकीट देतोय. कार्ड आतच आहे. उद्याच सिस्टरना नेऊन दे.

डोहाळजेवण झालं की आई तुला माहेरी धाडणार, पहिलं बाळंतपण म्हणून. मोठं हॉस्पिटल कुठे आणि तुझं गाव कुठे! तरी तू गप्प. लग्नात तोंड उघडायचं नाही अशी शपथ मीच घातलेली.

दर वेळी दोन कागद असतात. एक तू आईला मोठ्याने वाचून दाखवतेस, दुसरा तुझा एकटीचा. आज दुसरा नाही. तू अडखळत असशील, ओळी गाळत असशील. गाळू नकोस, पहिल्यापासून वाच. आई, मघाशी पाकिटातून पडलं ते कार्ड हिच्या हृदयाच्या मशीनचं. गळ्याखालचा तो व्रण गाठीचा नव्हे गो. लग्नाआधीपासून मला ठाऊक होतं, लपवलं मी. शिव्या घाल, पण मला. हिला माहेरी धाडू नको. उद्या सकाळी घड्याळ ती धरेल, नाडी तू मोज.

तुझाच,
जयवंत