तुझ्याकडे न उघडलेल्या पत्त्याबद्दल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला, चालवून घे.) तुझा खोकला गेला का? वहिनी औषध देते आणि तू ते बेसिनमध्ये ओततोस, ही बातमी इथवर आली आहे. बाबांचा गुडघा पूर्वीपेक्षा बरा आहे. हे मी आपणहून लिहिते आहे. त्यांनी सांगितलं असतं तर नेहमीसारखी 'त्याला म्हणावं' अशी सुरुवात झाली असती.

गेला आठवडाभर मी फोनवर तुला जे नाही नाही ते बोलले, त्यासाठी हे पत्र. फोनवर सांगायला गेले की तू 'मुद्द्यावर ये' म्हणून माझी गाडी अडवतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर नव्या नोकरीत मॅडमनी पहिलं काम दिलं ते असं: जावा या संगणकी भाषेत वेब सर्व्हिस बनवायची साधनं लॅपटॉपवर बसवा, त्यांच्यासोबत नमुन्याचं एक छोटं ॲप्लिकेशन येतं ते चालवून बघा, मगच खऱ्या कामाला हात लावा. वेब सर्व्हिस म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, एक प्रोग्रॅम ठरलेल्या पद्धतीने निरोप पाठवतो, दुसरा ठरलेल्या पद्धतीने उत्तर देतो. दोघांची ओळख नसली तरी काम अडत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखंच." तू त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल सगळ्या सामानासकट भंगारवाल्याला दिलंस (गुडघ्यामुळे पलंग त्याच खोलीत हवा होता, मला मान्य आहे, पण विचारून द्यायचं होतंस), तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललेला नाहीत. जे काय ते माझ्यामार्फत. मला त्याचा कंटाळा आला आहे, आणि खरं सांगायचं तर वाईटही फार वाटतं.

असो. मी हौसेने सगळ्यात नवी जावा बसवली. नमुना चालेना. डोकं खाजवून झाल्यावर कळलं की वेब सर्व्हिसला लागणारं सामान जुन्या जावात आतच असायचं. नव्या आवृत्तीत ते अडगळ म्हणून बाहेर काढलं आहे. (तुझी आठवण झाली.) मग जुनी जावा आणली. आता दोन जावा झाल्या आणि साधनांना कोणत्यातरी एकीचा पत्ता सांगावा लागतो. मी सांगितला तो नेमका नवीचा. तो सुधारला, तर नमुना ज्याच्यावर चालतो तो सर्व्हर म्हणे जागा आधीच भरलेली आहे. कोणी भरली? मीच आदल्या दिवशी चालू केलेला सर्व्हर तिथे ठाण मांडून बसला होता. खिडकी बंद केली म्हणजे तो उठून जातो, असा माझा गोड गैरसमज होता. बाबांचा सल्ला प्रत्येक वेळी एकच: लूज कनेक्शन असेल, जरा ठोकून बघ. (एकदा खरंच ठोकला. लॅपटॉप तसाच राहिला, मला मात्र बरं वाटलं.)

शेवटी तो चालला. पडद्यावर एक चौकोन, त्यात नाव लिहायचं, बटण दाबायचं, की खाली 'नमस्कार' आणि आपलं नाव. एवढ्या खटाटोपानंतर यंत्र नुसता नमस्कार करतं, पण मला भरून आलं. लगेच तुला पत्ता पाठवला आणि उघड म्हणून मागे लागले. तुझ्याकडे 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. तू मशीन बंद करून चालू केलंस, वहिनीच्या मशीनवर बघितलंस, आणि मी तुला हट्टी, आळशी, मुद्दाम करणारा, सगळं म्हणून घेतलं. तू 'तुझंच काहीतरी चुकतंय' म्हणालास तेव्हा तर मी फोनच आपटला. बाबांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, त्याच्याकडे संपर्क नाकारला म्हणून येतंय. ते म्हणाले, "नाकारणारच तो," आणि उठून आतल्या खोलीत गेले.

काल मॅडमना तो पत्ता दाखवला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अहो, यात लोकलहोस्ट लिहिलंय. लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवर टाइप कराल, तेच मशीन." म्हणजे माझ्याकडे माझंच घर उघडत होतं, आणि तू आठवडाभर स्वतःच्याच दारावर थापा मारत होतास, आत कोणी नव्हतं, त्यात तुझा काय दोष? मीही हसले. मग घरी येताना हसू गेलं. बाबांना वाटतं, मी कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे, यायचं तर येईल. तुलाही अगदी हेच वाटतं. दोघंही आपापल्या घरात बसून दुसऱ्याने दार उघडलं नाही म्हणून रुसला आहात, आणि मी मध्ये निरोप्याचं काम चोख बजावते आहे. चोख बजावते म्हणूनच हे इतकं चाललं, असं आता वाटतं.

तर तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. हे वाक्य वहिनीला दाखवू नकोस. मुलांना पापा. लोभ आहेच, तो तपासून बघायची गरज नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. नमुना बाहेरून उघडतो की नाही, याच्याशी ऑफिसला काहीच देणंघेणं नव्हतं. माझ्या मशीनवर चालला, तेवढं मॅडमना पुरे होतं. तुला दाखव म्हणून बाबा मागे लागले होते. 'नमस्कार'च्या जागी कुठलंही वाक्य घालता येतं म्हटल्यावर त्यांनी स्वतः चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, एक वाक्य लिहिलं. ते तू वाचलंस आणि नाकारलंस, अशी त्यांची समजूत झाली आहे. मी लोकलहोस्ट समजावून सांगितलं, तर म्हणतात, "तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस."

आणखी एक. पत्ता दुरुस्त करून पुन्हा पाठवणार होते, पण सर्व्हरच बंद करून टाकला. वाक्य असं होतं: 'खोली ऐसपैस झाली आहे. येऊन बघ.' याचं उत्तर माझ्याकडे देऊ नकोस.