दसऱ्याचा गंज

मुलुंड (पूर्व),
३ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप मार्तंडमामांस,
लवूचा सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडलं हे आईनं कळवलंच असेल. सरांशी भांडलो, तावातावानं बाहेर पडलो, परत गेलो नाही. शिव्या द्यायच्या असतील तर पुढच्या पत्रात द्या, आत्ता मला तुमची शिकारीची विद्या हवी आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर राजारामकाका परब राहतात. त्यांची मुलगी जानकी. पुढचं तुम्ही ओळखलंत. परवा सरळ त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की मला तिच्याशी लग्न करायचंय. अख्खी गॅलरी कान लावून होती. काकांनी शांतपणे पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेली लांब वस्तू ओढली. त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल! वीस वर्षांत गोळी सुटलेली नाही, नळी गंजून लाल, लाकडावर मळाची पुटं. दिवाळीआधी परवाना नवा करायला ती चौकीत दाखवायची आहे. म्हणाले, कॉलेज तर अर्ध्यात टाकलंस, ही दसऱ्यापर्यंत साफ करून दाखव, मग मुलीचं बोलू. नाही जमलं तर घाटकोपरच्या स्थळाला होकार. मी म्हटलं, बघाच.

जानकी जिन्यात भेटली. म्हणाली, बाबांना विचारायला गेलास, मला आधी विचारलंस का? मामा, वाट लागली. तिथेच विचारलं. हो म्हणाली, पण रागानं.

भांडुपला ज्या कारखान्यात लेथवर उभा असतो, तिथून पॉलिशपेपर आणलाय. घासायला घेऊ ना? लगेच लिहा.

लोभ आहे तो तसाच ठेवा, सध्या त्याची फार गरज आहे.

तुमचा
लवू


पिंगुळी,
१० ऑगस्ट १९८६

चि. लवूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मेल्या, तो पॉलिशपेपर आधी फेकून दे. नळीवर नंबर कोरलेला असतो. तो घासून गेला की परवान्याशी जुळणार नाही, आणि सासऱ्याला हातकड्या घालून तू जावई होशील.

बंदूक त्यांच्या नावावर आहे, तेव्हा ती त्यांच्या घराबाहेर न्यायची नाही आणि ते शेजारी नसताना हात लावायचा नाही. आत गोळी नाही हे आधी त्यांनी बघायचं, मग तू. नंतर गंजावर रॉकेलची चिंधी बांधून रात्रभर ठेव. सकाळी नारळाचं सोडण, म्हणजे वरचा काथ्या, घेऊन हलक्या हातानं चोळ. सुटेल तेवढाच गंज काढ, उरलेला दुसऱ्या दिवशी. नळीत गजाला चिंधी लावून फिरव, शेवटी शिवणयंत्राचं तेल. जोर करायचा नाही. तुला तेच कठीण जाणार.

एक बघून कळव. हवेनं गंजलेली बंदूक सगळीकडून सारखीच गंजते. ही कुठे जास्त गंजली आहे?

मामी विचारते, मुलीला मासे करता येतात का. मी म्हटलं, आधी ह्याला चिंधी धरता येते का बघू.

आमची माया आहेच, तू डोकं थंड ठेव.

तुझा
मामा


मुलुंड (पूर्व),
३१ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप मामांस,
लवूचा सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न झकास होता, आणि त्यानंच माझा घात केला. गंज सगळा वरच्या अंगाला आहे, खालून नळी जवळजवळ स्वच्छ. वरचा मळ सुटला तर त्याच्याखाली हळदकुंकवाचा थर! जानकीची आई, शेवंतीकाकू, दर दसऱ्याला बंदुकीची पूजा करतात. माझ्या तोंडाला लगाम कुठला? सगळ्यांसमोर बोलून गेलो की पूजेनंच हिची वाट लावली. काकू उठून आत गेल्या. काकांनी मला चिंध्यांसकट बाहेर काढलं. जानकीनं दोन दिवस खिडकी लावून घेतली.

मी हटणारा नाही. तिसऱ्या दिवशी काका बाजारात गेल्यावर काकूंची माफी मागायला गेलो. त्या बिरडं सोलत होत्या. माझ्यापुढे मूठभर वाल टाकले, म्हणजे बस आणि सोल. वाल संपत आल्यावर हळूच म्हणाल्या, तू बोललास ते खरंच आहे, पूजा कमी आणि पाणी जास्त घालते मी. मुद्दाम.

जानकी पोटात असताना काकांनी गावी एक भेकर मारून आणलं. ते गाभण निघालं. ते साफ करायला सासूनं काकूंनाच बसवलं. तेव्हापासून ही वस्तू घरात नको असं त्यांना वाटतं, पण सासऱ्यांची आठवण म्हणून बोलता आलं नाही. मग दर दसऱ्याला तांब्याभर पाणी. कुणाला सांगू नको म्हणाल्या. तुम्ही पिंगुळीला आहात, तेव्हा तुम्हाला धरत नाही.

काकांनी पुन्हा घरात घेतलंय, मुदत अजून आहे म्हणून. आता मी काय करू? साफ केली तर काकूंच्या इतक्या वर्षांवर पाणी फिरतं. नाही केली तर जानकी घाटकोपरला.

माया पातळ करू नका.

तुमचा
लवू


पिंगुळी,
९ सप्टेंबर १९८६

चि. लवूस,
अनेक आशीर्वाद.

गंज कसा काढायचा तेवढं मला येतं, हे मला येत नाही. पण शब्द दिलायस तो पुरा कर. आणि पुरा केल्यावर जे वाटतं ते बोल. जन्मात पहिल्यांदा तुला बोल म्हणून सांगतोय.

मामीचाही आशीर्वाद आहे, तो वेगळा मोज.

तुझा
मामा


मुलुंड (पूर्व),
५ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप मामांस,
लवूचा सा. न. वि. वि.

झाली. खड्डे राहिलेत थोडे, पण नंबर स्पष्ट वाचता येतो आणि गोळी भरायचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो. काकांनी नळी खिडकीकडे धरून आतून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, काय रे, पूजेनंच गंजली ना? मी म्हटलं, नाही काका, मी उगाच बोललो. पलंगामागची भिंत दमट आहे, त्यानं. आत कढईत फिरणारा काकूंचा डाव मध्येच थांबलेला मला ऐकू आला.

मग मी म्हटलं, माझं काम झालं. आता ही घरात ठेवायची का, ते एकदा काकूंना विचारा. काकांचा चेहरा लालबुंद. बाहेर हो म्हणाले. झालो.

अजून निरोप नाही. जानकी जिन्यात थांबून म्हणाली, या वेळी बरोबर माणसाला विचारायला सांगितलंस. मामा, मी बोललो ते मागे घेणार नाही, स्थळ घाटकोपरचं असो की कुठलं.

तुमचा लोभ तरी पक्का धरतो.

तुमचा
लवू


मुलुंड (पूर्व),
१३ ऑक्टोबर १९८६

रा. रा. मार्तंडराव यांस,
राजाराम परब याचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपल्या सूचनांमुळे माझ्या घराला दोन महिने रॉकेलचा वास आहे, म्हणून लिहितो.

आपला भाचा तोंडाचा फाटका आहे. मात्र खोटं बोलता येत नाही त्याला. माझ्या पलंगामागची भिंत ठणठणीत कोरडी आहे. पूजेला पळीभर पाणी पुरतं आणि आमच्याकडे तांब्याभर जातं, हे मी दर दसऱ्याला समोर बसून पाहत आलो. वीस वर्षांपूर्वी माझ्या हातून एक गाभण भेकर मारलं गेलं, त्यानंतर मी चाप ओढलेला नाही. म्हणून बायकोला अडवलं नाही, आणि ती पूजेवरून उठल्यावर बंदूक पुसलीही नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. या पोरानं तिला सांभाळायला माझ्या तोंडावर भिंतीची थाप मारली, तेव्हा राग आला, आणि रात्री झोपही आली नाही.

शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, नको. एवढंच. आज सकाळी चौकीत कायमची जमा करून आलो. हवालदारानं विचारलं की इतकी चांगली राखलेली देता कशाला. मी म्हटलं, घरात विचारून आलोय.

एकदा विचारल्यावर तिनं न विचारलेल्याचंही उत्तर दिलं. घाटकोपरला नकार कळवला आहे. दिवाळीनंतर आपण बोलणी करायला यावं.

लवू मघापासून गॅलरीत उभा आहे. मी कुणाला लिहितो ते पाहायला दोनदा डोकावून गेला. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. जानकी म्हणते, ते ती सांगणार.

हा नवा लोभ आपल्याकडूनही वाढावा.

आपला
राजाराम परब